चिल्ल्यानंतर

२०२३ च्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या माता-पालक सभेत मी आयांसमोर कोरे कागद आणि मेणखडूंच्या पेट्या ठेवल्या. या सभेचे विषय ठरलेले असतात. मुलांची हजेरी, नखे, डबा, गृहपाठ. त्या दिवशी मी म्हटले, मुलांचे पुढच्या वेळी बोलू. आज तुम्ही चित्र काढा. आई झालात तेव्हा मनात काय आले, ते कागदावर येऊ द्या.

पंधरा-सोळा जणी होत्या. काहींनी खडूंचा वास घेतला. एकीने झटकन पाळणा काढला. तो पाहून शेजारणीने पाळणा काढला आणि बघता बघता सगळ्या रांगेत पाळणेच पाळणे झाले. आमच्या वर्गातही असेच होते. एकाने डोंगरामागून उगवणारा सूर्य काढला की अख्ख्या वर्गाचा सूर्य डोंगरामागूनच उगवतो. एका बाईने मात्र कागद उलटा करून ठेवला. "तसवीर बनाना गुनाह है ना आपा?" तिने हळूच विचारले. मी म्हटले, माणूस नका काढू, फूल काढा. ती म्हणाली, "फूल क्या निकालूँ आपा? मेरेकू फूल सरीका कुछ लगाच नै."

सगळ्या हसल्या. तीही हसली. मी पाळणे गोळा करून कपाटात ठेवले. ते वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आले.

आमचे इस्लापूर किनवट तालुक्यातले. नांदेडकडून किनवटला जाताना शेते कमी होऊन साग दिसू लागतो, त्या पट्ट्यातले हे बाजाराचे गाव. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. पावसाळ्यात लांबून लोक तो पाहायला येतात. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, किनवटच्या पुढे तेलंगणाचे आदिलाबाद. बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा आणि आमची दखनी एकाच तराजूवर तोलली जाते. आमच्या शाळेतल्या मुलांचे वडील गॅरेजात, मटणाच्या दुकानात, बांधकामावर नाहीतर हातगाडीवर असतात. आया कापूस वेचायला जातात, शिलाई करतात, आणि त्यांपैकी काहीच करत नसतील तेव्हा त्यांना 'घरीच असते' असे म्हणतात. मी या शाळेत उर्दू माध्यमातून शिकवते आणि मनातले मराठीत लिहिते. असे का, याचे उत्तर माझ्याकडे नाही. उर्दूत लिहायला बसले की मी टीचर होते, एवढे खरे.

त्या बाईचे वाक्य मला का लागले, ते सांगायचे तर आधी माझे सांगावे लागेल.

मला दोन मुली. धाकटी २०१८ ची. बाळंतपण सरळ झाले, बाळ तीन किलोचे, दूध भरपूर. तक्रारीला जागाच नव्हती. चिल्ला सासरी झाला. सासूबाईंनी काही कमी केले नाही. सकाळी हरीरा, मग मालिश, ओव्याची धुरी, शेक. छठी थाटात झाली. चाळीस दिवस मला थंड पाण्यात बोट बुडवू दिले नाही. अम्मी नांदेडहून येऊन राहिली होती, नणंद आली होती, खोलीत सतत कोणी ना कोणी असे. चाळिसाव्या दिवशी अंघोळ झाली, नवा जोडा घातला, शेजारपाजाऱ्यांना जेवण झाले. त्याच संध्याकाळी अम्मी परत गेली. दुसऱ्या दिवशी नणंद गेली. मालिशवाली दुसऱ्या बाळंतिणीकडे लागली. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी माझ्यासमोर बादलीभर कपडे होते.

चिल्ला ही आपल्या बुजुर्गांनी केलेली फार शहाणी सोय आहे, असे मी आजही म्हणेन. बाईला चाळीस दिवस विसावा, गरम अन्न, माणसांचा सहवास. शहरातल्या शिकलेल्या बाळंतिणींना आता हे मिळत नाही. पण ही सोय एका दिवसात संपते. चाळीस दिवस सगळे घर बाईकडे बघते आणि मग एकदम सगळे बाळाकडे बघू लागतात.

माझी झोप गेली. बाळ झोपले तरी मला झोप येईना. जेवण मातीसारखे लागू लागले. चाळीस दिवसांनी नमाज पुन्हा सुरू झाली आणि लहानपणापासून पाठ असलेल्या सूरह मध्येच तुटू लागल्या. पोळी करपली म्हणून मी तासभर रडले. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. मिरच्या उतरवल्या, पाणी दम करून आणले. मी त्यांना हसत नाही. त्यांना जेवढे माहीत होते तेवढे त्यांनी मनापासून केले. अम्मी फोनवर म्हणाली, "सब कू होता बेटा, सबर कर." नवरा म्हणाला, आराम कर. आराम कसा करायचा ते मात्र कोणी सांगितले नाही.

एका संध्याकाळी, मगरिबच्या थोडे आधी, मी धाकटीला पाळण्यात ठेवले. थोरली अंगणात खेळत होती. मी ओढणी घेतली आणि चालत बस थांबते तिथे गेले. पायात घरातल्या चपला. पर्स नाही, मोबाईल नाही. किनवटची एसटी उभी होती. मी पायरीवर पाय ठेवला. कंडक्टरने सवयीने विचारले, "कुठं जायचं?" मला उत्तर आले नाही. तो पुन्हा म्हणाला, "ताई, कुठलं तिकीट?" मी पाय खाली घेतला. घरी आले तेव्हा धाकटी रडून लाल झाली होती. सासूबाईंना वाटले, मी शेजारी गेले होते. मीही तसेच वाटू दिले.

रजा संपून शाळा सुरू झाली आणि काही महिन्यांत हे सगळे हळूहळू ओसरले. सगळ्यांचे असे आपोआप ओसरत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते. खरे तर याला काही नाव आहे हेही माहीत नव्हते. मी बी.एड. झालेली बाई. बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी सोडवला होता. त्या पेपरात बालक होते, त्याच्या विकासाच्या अवस्था होत्या, आणि बालकाची आई 'वातावरण' या शब्दात कुठेतरी होती.

पुढे वाचताना कळले की हा आजार आपल्याकडे मोजला गेलेला आहे. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांनी आयांची तपासणी केली, तेव्हा २३ टक्के जणींना नैराश्याचा आजार होता. जवळजवळ चौघींत एक. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले नाते, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यांना आढळलेली कारणे. मी ते सहा ते आठ आठवडे बोटांवर मोजले. चिल्ला संपल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस. बरोबर बादलीचे दिवस.

तर कागद आणि खडू फसले होते. मग काय, असा विचार करताना मला अम्मीच्या पेटीतली गुदडी आठवली. मराठीत गोधडी म्हणतात, आमच्याकडच्या खेड्यांत वाकळही म्हणतात. आमच्या दादीने ती माझ्या अब्बांच्या जन्माच्या वेळी शिवली होती. बाळाच्या गुदडीला नवे कापड वापरत नाहीत. शंभरदा धुऊन मऊ झालेले सुती कापडच लागते. आजीचे लुगडे, आजोबांची लुंगी, मामाचा कुर्ता. खाली एक धड कापड अंथरायचे, त्यावर फाटक्यातुटक्यांचे थर नीट लावायचे, वरून पुन्हा एक धड कापड. कोपऱ्यांवर पाट, वरवंटा असे काही वजन ठेवायचे आणि लांब लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत यायचे. हे काम गरीब घरातल्या प्रत्येक बाईला येते, हिंदू असो की मुसलमान. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका अशीच 'कवंदी' शिवतात. त्यांच्यात मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती अशा तिन्ही आहेत आणि टाका एकच आहे. मुख्य म्हणजे यात तसवीर येत नाही आणि "मेरेकू क्या आता?" असे कोणी म्हणत नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटल्यावर दीड तास एक वर्गखोली मला मिळाली. मुख्याध्यापकांची अट एकच, खोली झाडून द्यायची. पहिल्या शनिवारी नऊ जणी आल्या. मी नियम दोनच केले होते. प्रत्येकीने आपल्या बाळंतपणाच्या काळातला एक जुना कपडा आणायचा. आणि तोच का आणला, हे कोणी कोणाला विचारायचे नाही.

विचारावे लागलेच नाही. फुलाचा प्रश्न करणारी बाई एक मळका पंचा घेऊन आली. नवऱ्याचा. बाळंत होताना तोंडात कोंबला होता, बाहेर पुरुष बसले होते म्हणून. गॅरेजवाल्यांची बहू आसमानी कापड घेऊन आली. आम्ही सगळ्यांनी ते ओळखले, कारण ते शाळेच्या गणवेशाचे होते. लग्न झाले तेव्हा तिने तोच गणवेश पेटीत घालून आणला होता, परत शाळेत जाता येईल म्हणून. पुढे तोच फाडून बाळाची लंगोटे केली. एकीने पिवळे टोपडे आणले, कधीच न घातलेले. त्याबद्दल ती काही बोलली नाही आणि आम्हीही नाही. आमच्या एका विद्यार्थ्याच्या दादी, त्यांना सगळ्या जणी खाला म्हणतात, एका जुन्या निवडणुकीतले प्रचाराचे उपरणे घेऊन आल्या. म्हणाल्या, "इत्ते बरस वोट दी, ये एकच चीज मिली. सूती है, मऊ है." पक्ष कोणता ते मी लिहीत नाही. चिन्हाची बाजू आत घालून शिवली.

हात कामात असले की नजर खाली असते. समोरचीकडे बघावे लागत नाही, म्हणून बोलणे सोपे जाते. सुईत दोरा ओवायला मागितला, मध्ये एक वाक्य निघाले, पुन्हा टाके. कागदावर पाळणे काढणाऱ्या याच बायका. आता कोणी सांगत होती की बाळ रडले की तिला आधी राग येतो आणि मग रागाची भीती वाटते. कोणी सांगत होती की तिसरी मुलगी झाली तेव्हा घरात दोन दिवस कोणी तिच्याशी बोलले नाही, फक्त ताट सरकवायचे. मी मध्ये बोलत नसे. टीचरची बोलायची सवय फार वाईट. ती आवरायला मला तीन शनिवार लागले.

खाला शिवताना गुणगुणत. एकदा त्यांनी लोरी धरली आणि तिघी-चौघींनी ती आपापल्या घरच्या चालीत उचलली. मला दखनीच्या जुन्या रचनांची आठवण झाली. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या आपल्या १९७८ च्या पुस्तकात चक्कीनामा, चरखानामा आणि लोरीनामा यांबद्दल लिहिले आहे. दळताना, सूत काढताना, बाळाला जोजवताना बायकांनी म्हणायच्या या रचना. म्हणजे बाईचे हात कामात असताना तिच्या मनाला काही द्यावे, हे शेकडो वर्षांपूर्वी आपल्या दखनच्या सूफींना सुचले होते. मराठीत हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. जाती गेली. आमच्या गावात पिठाची गिरणी आहे, तिथे बाया रांगेत उभ्या राहतात आणि गिरणीच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

आता तर हे तपासूनही पाहिले गेले आहे. लंडनमध्ये बाळंतपणानंतर नैराश्याची लक्षणे असलेल्या १३४ आयांना घेऊन एक प्रयोग झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने दहा आठवडे एकत्र बसून बाळांसाठी गाणी म्हटली, दुसऱ्याने बाळांबरोबर खेळ केले, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. ज्यांची लक्षणे जास्त होती त्यांच्यात गाणाऱ्या गटाला लवकर बरे वाटू लागले. हे मी खालांना सांगितले. त्या म्हणाल्या, "इत्ता खर्चा करके येच मालूम पड़ा क्या?"

इथपर्यंत सगळे छान चालले होते, आणि मला स्वतःबद्दल फार बरे वाटू लागले होते. आता जे लिहायचे आहे ते लिहायला मला जड जाते.

तिसऱ्या शनिवारी एका विद्यार्थिनीची भाभी आली. बाविशीची, तीन महिन्यांचे बाळ कडेवर. फार सुबक शिवायची. एवढा बारीक, एवढा सारखा टाका मी आमच्या दादीचाही पाहिला नव्हता. तिच्या चौकोनाचा एक कोपरा, तळहाताएवढा, भरला होता. मी तो उचलून सगळ्यांना दाखवला. "देखो, सफाई इसको कहते," असे म्हटले, वर्गात मुलांच्या वह्या दाखवते तसे. चौथ्या शनिवारीही तेवढाच कोपरा भरलेला होता. पाचव्या शनिवारीही. बाळ रडत होते, शेजारणीने घेतले. तिने मान वर केली नाही. मला वाटले, कामात रमली आहे. मला आनंद झाला, हे मी खोटे बोलणार नाही.

सहाव्या शनिवारी ती आली नाही. शेजारीण म्हणाली, तिला आठ-दहा रात्री झोप नाही, आणि बाळाला आपल्यापासून लांब ठेवा असे ती सासूला सांगते आहे. माझ्या हातातली सुई थांबली. खाला माझ्याकडे बघत म्हणाल्या, "उने सीती कम, उधेड़ती ज्यादा. हर हफ्ते घर जाके सब उधेड़ के लाती. तू हात देखी नै क्या बेटा, टाँकेच देखते बैठी?"

मी तिचा चौकोन घेतला. उसवलेल्या टाक्यांच्या छिद्रांनी कापड चाळणीसारखे झाले होते. एकाच जागी किती वेळा सुई गेली असेल.

आम्ही दोघी लगेच तिच्या घरी गेलो. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. खालांनी तिला काही विचारले नाही, तिच्याजवळ टेकून बसल्या आणि तिचे केस सोडवू लागल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, बच्चे कू मेरे हात से कुछ हो जाएगा. घरच्यांचा पहिला विचार एका बाबांकडे न्यायचा होता. मी भांडले नाही. म्हटले, तिकडेही जा, पण आधी इकडे. अंगणात उभे राहून १४४१६ वर फोन लावला. ही 'टेली मानस' नावाची सरकारी मदत, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली, फुकट आणि चोवीस तास. पलीकडचा आवाज मराठीत बोलला. त्यांनी सांगितले की ही वाट बघण्याची गोष्ट नाही, तिला एकटी ठेवू नका, डॉक्टरकडे न्या. रात्री खाला तिच्याजवळ झोपल्या, बाळ सासूजवळ. तिचा नवरा रात्रभर ओसरीवर बसून होता. पहाटे त्याने मला विचारले, "आपा, ये पागलपन तो नै ना? लोगां क्या बोलेंगे?" मी म्हटले, हा बाळंतपणाचा आजार आहे, कावीळ होते तसा. ही तुलना डॉक्टरांना पटेल की नाही ठाऊक नाही, पण त्याला समजली.

सकाळी ते तिला नांदेडला घेऊन गेले, मनोविकारतज्ज्ञांकडे. औषधे सुरू झाली. दूध पाजताना चालतील अशी औषधे असतात, हे मलाही तेव्हाच कळले. नाहीतर 'औषध घेतले तर दूध बंद करावे लागेल' या भीतीने घरचे अडून बसले असते. तीन आठवडे ती माहेरी राहिली. ती आता बरी आहे. पण मी आणखी एक शनिवार तिच्या टाक्यांचे कौतुक केले असते तर, हा विचार मला अजून रात्री उठवतो.

त्यानंतरच्या शनिवारी खोलीत कोणी बोलेना. सगळ्या खाली बघून शिवत होत्या. मला काय झाले कोणास ठाऊक, मी एसटीची गोष्ट सांगितली. पाच वर्षांत पहिल्यांदा. घरातल्या चपला, पायरी, कंडक्टर, सगळे. सांगून झाल्यावर मला वाटले, उद्या हे गावभर होईल आणि आपा पोरे टाकून निघाली होती असे मुलांच्या कानावर जाईल.

खालांनी दोरा दाताने तोडला. "कौनसी बस थी?" त्यांनी विचारले.

"किनवटची."

"मैं तो टेसन तक गई थी," त्या म्हणाल्या.

ते १९८२ साल. त्यांची पहिली मुलगी दोन महिन्यांची. तेव्हा या मार्गावर छोटी गाडी धावायची. त्या फलाटावर जाऊन बसल्या. गाडी उशिरा होती. बसल्या बसल्या बाळाच्या दुधाची वेळ झाली आणि दूध आपोआप उतरून ओढणी भिजली. "गाड़ी टैम पे आती तो मैं गई होती," खाला म्हणाल्या. "दूध आ गया, गाड़ी नै आई. वापस आ गई." त्यांनी हे बेचाळीस वर्षे कोणाला सांगितले नव्हते. ती मुलगी आता स्वतः आजी झाली आहे, तिला तर नाहीच.

आणखी दोघी बोलल्या. त्यांचे मी लिहिणार नाही. एक बाई मात्र नाराज झाली. म्हणाली, अशा गोष्टी तोंडातून काढू नयेत, माँ के कदमों के नीचे जन्नत म्हणतात, अल्लाह नाराज होतो. तिचे बोलणे टाकून देण्यासारखे नव्हते. आपल्या बहुतेक घरांत हेच म्हणतात आणि म्हणूनच कोणी काही सांगत नाही. मी त्या रात्री सूरह मरियमचा उर्दू तर्जुमा उघडला. खजुराच्या बुंध्याला टेकलेली, कळांनी विव्हळणारी हजरत मरियम तिथे म्हणते की याआधीच मरून गेले असते, विसरले गेले असते तर बरे झाले असते. आणि त्यावर तिला रागावणारा आवाज येत नाही. तिला सांगितले जाते की दुःख करू नकोस, पायाशी झरा आहे, झाड हलव, ताजे खजूर पडतील. खा आणि पी. पुढच्या शनिवारी मी त्या बाईला तेवढा भाग वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. जाताना आयतचा आकडा विचारून हातावर पेनाने लिहून घेऊन गेली. हाजरा बीबींचेही मी तेव्हा बोलले. तान्ह्या बाळाला ठेवून एकटी बाई दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली, आणि हजला जाणारा प्रत्येक जण, बादशहा असो की हमाल, आजही तिच्यासारखाच सात वेळा चालतो.

खालांचे लक्ष जिथे गेले तिथे माझे गेले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. अतीफ रहमान यांनी गावातल्याच आरोग्य सेविकांना शिकवून नैराश्यग्रस्त आयांच्या घरी पाठवले. २००८ साली त्याचा निष्कर्ष आला. सहा महिन्यांनी, शिकवलेल्या सेविका जिथे गेल्या तिथे २३ टक्के आया आजारी राहिल्या होत्या; जिथे नुसत्याच भेटी झाल्या तिथे ५३ टक्के. पुढे गोव्यात हेच काम शेजारपाजारच्या बायकांनी केले, त्यांना 'सखी' म्हणत. २०१९ मध्ये त्याचाही अहवाल आला. या बायका डॉक्टर नव्हत्या. त्यांना काय बघायचे आणि कोणाकडे पाठवायचे, एवढे शिकवले होते. आमच्या खाला निरक्षर आहेत. त्यांना बघता येते. पाठवायचे कुठे, ते मला ठाऊक होते. दोघींची भेट एका आठवड्याने लवकर झाली असती तर बरे झाले असते.

गुदडी २०२४ च्या फेब्रुवारीअखेर, रमजानच्या आधी पुरी झाली. शेवटच्या शनिवारी ती भाभी आली. थोडी सुजलेली, थोडी हळू बोलणारी, पण बाळ तिच्याच कडेवर. मी तिचा चौकोन जपून ठेवला होता. तिने तो हातात घेतला, छिद्रांवरून अंगठा फिरवला. मला वाटले, पुन्हा उसवते की काय. तिने त्यावर मोठाले कच्चे टाके घातले, लहान मूल घालते तसे वाकडे, आणि म्हणाली, "बस. ऐसाच जोड़ो." तसाच जोडला. गुदडीत तोच एक चौकोन ढगळ आहे, हात लावला की आतला थर सरकतो.

ही गुदडी कोणाला द्यायची यावर वाद झाला. एक म्हणाली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये लावा. एक म्हणाली, विकून वह्या आणा. खाला म्हणाल्या, गुदडी भिंतीला लावतात का? शेवटी असे ठरले की मोहल्ल्यात कोणाचा चिल्ला संपला की एकेचाळिसाव्या दिवशी आमच्यापैकी दोघींनी गुदडी घेऊन तिच्या घरी जायचे. बाळाला बघायला सगळेच येतात. आम्ही आईला बघायला जायचे. तासभर बसायचे, तिची बादलीभर धुणी आपण धुवायची, आणि तिच्या हातांकडे लक्ष ठेवायचे. गुदडी पुढचे बाळंतपण होईपर्यंत तिच्याकडे. आतापर्यंत ती अकरा घरांत जाऊन आली आहे. दोन घरांतून आम्हाला पुन्हा जावे लागले आणि एकीला डॉक्टरकडे न्यावे लागले. एका घरातून दारातूनच परत पाठवले.

माझी धाकटी आता आमच्याच शाळेत पहिलीत आहे. गुदडी मध्ये एकदा आमच्या घरी वाळत घातली होती, तेव्हा ती एकेका चौकोनावर बोट ठेवून विचारत होती, ये किसका, ये किसका. हिरव्या ओढणीच्या तुकड्यावर बोट आले. मी म्हटले, तो माझा. ती म्हणाली, ही ओढणी कुठे गेली? मी सांगितले, जुनी झाली होती, तू लहान असताना मी ती घेऊन एकदा बसपर्यंत गेले होते. "फिर?" मी म्हटले, मग परत आले. तिला त्यात काही विशेष वाटले नाही. ती पुढच्या चौकोनाकडे वळली.

सध्या गुदडी बाजारगल्लीत एका घरी आहे, जुळ्यांची आई आहे ती. दोघांना एकच पुरत नाही म्हणून खालांनी दुसरी सुरू करायला सांगितली आहे आणि कापड आणायला पुन्हा घरोघर निरोप गेले आहेत. पहिलीची कड दोन ठिकाणी सुटली आहे, तूप सांडल्याचा एक डाग आहे. परत आली की कड शिवून, कोमट पाण्यात धुऊन उन्हात टाकायची आहे.